मायनं बांधलेल्या वायरी

आमच्या घरात विजेचं बटण बोटाने दाबायची रीत नव्हती. माय ते लाटण्याने दाबायची. पोळ्यांचं लाटणं वेगळं आणि बटणांचं वेगळं. बटणांचं लाटणं मधल्या घरात दाराआडच्या खिळ्याला सुतळीने टांगलेलं असे आणि त्याला पिठाचा हात लागलेला मायला मुळीच खपत नसे, कारण पिठात ओल असते. पाहुणे आले की हसायचे. आबा, म्हणजे माझे वडील, त्यांना चहा देता देता सांगायचे, "हसू नका, तुमना लाइट बी तीच लावी." मी शाळेत जायला लागेपर्यंत मला वाटायचं की सगळ्याच घरांत असं लाटणं असतं. एका मैत्रिणीच्या आईला सरळ बोटाने पंखा लावताना पाहिलं तेव्हा मी दचकून मागे सरकले होते, तेही मला चांगलं आठवतं.

लाटण्याच्या जोडीला सायकलच्या ट्यूबा होत्या. फाटलेली ट्यूब आमच्याकडे कधी उकिरड्यावर गेली नाही. माय तिच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून डब्यात भरून ठेवायची. घरात कुठेही वायरीचं मोकळं टोक दिसलं, मग ते बंद पडलेल्या रेडिओचं असो की जुन्या इस्त्रीचं, की त्यावर पट्टी गुंडाळून वरून दोऱ्याने करकचून बांधायलाच हवी. ज्या वायरीचा विजेशी काडीचा संबंध उरलेला नाही तिलाही सूट नसायची. हे सगळं ती आबांकडून नाहीतर माझ्याकडून करून घ्यायची. स्वतः ती वायरीला हात लावत नसे. ती लांब उभी राहून नुसतं सांगायची, "आखो एक येढा दे. आखो एक."

याचं कारण माझा मामा. मायचा हा धाकटा भाऊ तळोद्याकडच्या त्यांच्या शेतात विहिरीवरच्या मोटारीची तुटलेली वायर जोडायला गेला होता. लोडशेडिंग चालू होतं, लाइट येण्याच्या आत जोडून टाकू असा त्याचा हिशेब. लाइट वेळेआधी आली. मी तेव्हा झोळीत होते, मला मामाचा चेहराही आठवत नाही. पण लाटण्यामागे कोण आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून त्यावरून मायला कोणी कधी टोकलं नाही.

अशा घरातल्या मुलीने कॉम्प्युटर जोडायचं काम शिकायचं ठरवलं, हा योगायोग मला आजही गमतीचा वाटतो. तेव्हा काही तो गमतीचा नव्हता. बारावीनंतर मी नंदुरबारला कॉलेजला जात होते. गावाहून जीपने जायचं आणि दुपारच्या जीपने परत यायचं. मधल्या वेळात बाजारातल्या कीर्तीभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसायची मला चटक लागली होती. आधी मी तिथे बिलं टाइप करून देत असे. मग हळूहळू माझी खुर्ची काउंटरवरून मागच्या टेबलाकडे सरकली. त्या टेबलावर उघडी कॅबिनेटं पडलेली असत आणि जोडणारा माणूस एकाच स्क्रू-ड्रायव्हरने सगळी दुनिया फिरवत असे. मी त्याच्याकडे तासन्‌तास पाहत बसायचे. पुढे तो सुरतेला निघून गेला आणि टेबल रिकामं झालं. मी कीर्तीभाईंना म्हटलं, मी जोडते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांची बोली निम्मी गुजराती होती आणि ते सगळ्यांनाच बेन किंवा भाई म्हणत. "बघ वंदाबेन," ते म्हणाले, "इथे मी बाजूला बसणार, तू मला विचारणार, मग मला काय समजणार? सामान घरी घेऊन जा. एक मशीन एकटी जोडून आण. चालू झालं तर टेबल तुझं."

मी हवेत तरंगत घरी आले. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीप्रमाणे चेंडू मायकडे टोलवला. "तुन्ही माय हां म्हणी तर मन्ही ना नही." दोन-तीन दिवस माय माझ्याशी फक्त भाजीपाल्यापुरतं बोलली. मग एका सकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "घर आन. मन्हा डोयासमोर जोड. पण एक डाव बी काही जयनं, काही बिघडनं, तर हाऊ धंदा बंद. मंग त्या दुकानना रस्ता बी धरानं नही. कबूल शे का?" मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? ते टेबल मला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी इतकं हवंसं वाटलं होतं आणि ते सगळं आता एका मशीनवर येऊन ठेपलं होतं.

सामान आणलं तो दिवस रविवारचा होता. मिरचीचे दिवस होते. नंदुरबारच्या आजूबाजूला त्या दिवसांत रानं, खळी, अंगणं लाल होतात आणि हवेतच ठसका असतो. बाहेरगावचा माणूस गावात शिरला की आधी शिंकतो आणि मग बोलतो. आमच्याही अंगणात मिरची वाळत होती आणि मी मांडीवर सांभाळत आणलेली खोकी घेऊन जीपमधून उतरले, ती त्या मिरच्यांच्या कडेकडेने जपून पावलं टाकत घरात शिरले. मायने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत करून ठेवलं होतं. पण मी ताट बाजूला सारून खोकी उघडायला लागले. "खायी ले," माय म्हणाली, "उपाशी हात थरथर करस." हे मात्र तिचं खरं होतं, आणि आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मीही हेच सांगते.

मग जोडायला बसण्याची तयारी झाली. ती तयारी पाहिली असती तर कीर्तीभाईंना चक्कर आली असती. त्यांनी बजावून सांगितलं होतं की मदरबोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरून जाते. मायचं म्हणणं होतं की लोखंडाला मुळी हातच लावायचा नाही, लाकडी पाटावर बसायचं आणि पायात रबरी चपला घालायच्या. आमच्या मधल्या घरात चपला कधी शिरल्या नव्हत्या. त्या दिवशी मायने माझ्या चपला स्वतः धुऊन, पुसून, पाटासमोर आणून ठेवल्या. मी चपला घालून पाटावर बसले आणि तिची पाठ वळली की हळूच लोखंडाला हात लावून घ्यायचे. दोन्ही गुरूंचा मान राखला. शिवाय मायची आणखी एक अट होती. मशीनची पिन, म्हणजे भिंतीत खोचायचा तो प्लग, तिच्या हातात राहणार. "प्लग मन्हा हातमा ऱ्हाई," ती म्हणाली, "मंग तू काय बी जोड." आणि खरंच, वायर मी कॅबिनेटच्या मागून ताणून दिली आणि प्लग पदराआडून धरून, त्यातच गुंडाळून ती भिंतीला टेकून बसली. लोडशेडिंगची वेळ होती, लाइट गेलेलीच होती, तरीही.

बोर्ड बसवला, प्रोसेसरवर पंखा चढवला, रॅमची पट्टी टक्‌ आवाज येईपर्यंत दाबली. त्या आवाजाला माय दरवेळी विचारायची, "तुटनं का?" मग आली वायरींची पाळी. आता तुम्हाला हे सांगायला हवं की त्या काळी मशीनला वीज पुरवणारी जी पेटी असे, जिला सगळे एसएमपीएस म्हणत, तिच्यातून वायरींचा भलामोठा झुबका बाहेर यायचा. लागो न लागो, सगळ्या वायरी त्या पेटीतूनच निघालेल्या असत. त्यातली एक रुंद, दोन रांगांची, ती बोर्डाला. एक हार्डडिस्कला. एक सीडीच्या खणाला. एक छोटी चौकोनी, चार पिनांची, दोन पिवळ्या आणि दोन काळ्या तारांची, ती प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात. आणि बाकीच्या निव्वळ फुकटच्या. पुढेमागे कोणी जास्तीचं सामान लावलं तर म्हणून दिलेल्या. हल्लीच्या चांगल्या पेट्यांना वायरी सुट्या मिळतात. हवी तेवढी खोचा, उरलेली पिशवीत ठेवा. मी पहिल्यांदा तशी पेटी हातात घेतली तेव्हा मला माय आठवली. तिला ही पेटी फार आवडली असती.

रुंद वायर मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवली. हार्डडिस्कची लावली, सीडीची लावली. चौकोनी वायर हातात घेतली, पण तिची जागा पंख्याच्या मागे अडचणीत होती, बोटं शिरत नव्हती. हिला सगळ्यात शेवटी लावू म्हणून मी ती सोडून दिली. तेवढ्यात मायने झुबक्याकडे बोट करून विचारलं, "ह्या उरन्यात त्या कोन्या?"

"रिकाम्या शेतस माय. त्यास्नं काही काम नही."

"मंग मोकया कसाले सोड्यात?"

"ऱ्हाऊ दे. त्यास्मा लाइट येस, पण कोठे लागत नही." हे मी सहज बोलून गेले. लाइट येते आणि मोकळी लोंबते, अशी वायर. मायसमोर बोलायचं वाक्य होतं का ते? तिचा चेहरा मी पाहायला हवा होता, पण बाहेरून आबांची हाक आली. मिरची न्यायला ट्रक आला होता, ठरल्या वेळेच्या आधीच, आणि पोती भरायला घरातलं प्रत्येक माणूस हवं होतं. आम्ही दोघीही उठलो; मायने पदर झटकून प्लग पाटावर सोडला. तोंडाला फडकं बांधून मी पोत्यांची तोंडं धरली, माय सुपाने भरत होती. मधेच ती चहा ठेवायला म्हणून घरात गेली. चहा बऱ्याच उशिराने आला, तो थोडा करपलेला होता, आणि आबा त्यावरून काहीतरी पुटपुटले. मी लक्ष दिलं नाही.

ट्रक गेला. हातपाय धुऊन मी पुन्हा पाटावर येऊन बसले आणि कॅबिनेटमध्ये पाहिलं, तर झुबका नव्हताच. उरलेल्या सगळ्या वायरींची टोकं एकेक करून ट्यूबच्या पट्ट्यांत गुंडाळलेली होती, प्रत्येकीवर दोऱ्याचे वेढे होते आणि सगळ्यांची मिळून एक जुडी बांधून ती वरच्या कोपऱ्यात नीट खोचून ठेवलेली होती. खरं सांगते, इतकं देखणं काम मी कीर्तीभाईंच्या टेबलावरही पाहिलं नव्हतं. आतलं सगळं मोकळं, स्वच्छ दिसत होतं. मला वाटलं, झालंच की सगळं. मी झाकण लावलं.

लाइट आली ती दुपार कलल्यावर. आबा आले, ओसरीवर शेजारची एक-दोन माणसं डोकावली. मायने पुन्हा पदरात गुंडाळलेला प्लग सोडवून माझ्या हातात दिला, पण द्यायला क्षणभर उशीर केला. मी तो भिंतीत लावला, मशीनचं बटण दाबलं आणि आत पंखा फिरू लागला. हिरवा दिवा लागला. ओसरीवरून कोणीतरी "वा" म्हणालं. मी दुकानातून आणलेल्या त्या पोटाड्या मॉनिटरकडे डोळे लावून बसले. काळा पडदा. थोड्या वेळाने तसाच काळा पडदा. बंद करून पुन्हा चालू केलं. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा काळाच. रॅम काढून फुंकर मारून पुन्हा लावली. मॉनिटरची वायर उलटसुलट पाहिली. दुकानात मी अशी मशीनं पाहिली होती. पंखा फिरतो आणि पडद्यावर काही येत नाही तेव्हा तो टेबलावरचा माणूस एकच वाक्य म्हणायचा, बोर्ड गेला.

ओसरीवरची माणसं समजून निघून गेली. आबा म्हणाले, "जयनं का काही?" मी म्हटलं, जळलं का ते माहीत नाही. मायने पुढे होऊन प्लग ओढून काढला. नुसत्या हाताने काढला, पण त्या घडीला कोणाच्याच ध्यानात आलं नाही. मला वाटलं, आता ती म्हणणार, कबूल केलं होतंस. मी तयारीच ठेवली होती. उद्या सामान परत करायचं, कीर्तीभाईंना सांगायचं, पुन्हा तिकडे फिरकायचं नाही, हे सगळं मी मनातल्या मनात करूनसुद्धा टाकलं होतं.

पण माय खाली बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मन्हा हात लागना म्हनीसन व्हयनं ते."

"काय?"

"तुम्ही पोता भरी ऱ्हायनात तवय मी बांध्यात ना त्या. मी बांधाले नको व्हतं. मन्हा हातनं काही तरी बिघडनं."

तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ती जुडी बांधताना तिथे ना आबा होते ना मी. जी बाई मामा गेल्यापासून वायरीला शिवली नव्हती, ती एकटीने त्या पेटीत हात घालून बसली होती, एकेक वायर बोटांत धरून, का, तर मी म्हणाले होते की त्यात लाइट येते. चहा करपला तो त्यामुळे. मशीन गेलं तर गेलं, असं त्या क्षणी मला खरोखर वाटलं. मी एवढंच म्हटलं, "तुन्हा हातनं नही बिघडनं माय. वायर बांधाथून काही व्हत नही."

"नही. मी सोडी देस. तू एकेक देखी ले." तिने ऐकलंच नाही. मी झाकण काढलं आणि ती दातांनी दोरा तोडत पट्ट्या सोडू लागली. एकेक टोक मोकळं करून ती माझ्या तळहातावर ठेवायची, मी आतल्या पिना पाहायचे, ठीक आहे म्हणायचे, की ती पुढची घ्यायची. आता, हे काम तिने पोती भरता भरता मधेच केलं होतं. पट्ट्यांवर मिरची होती. हे मला कळलं ते डोळा चोळल्यावर. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, मग नाकातून. आबा दारात आले, मला तशा अवस्थेत पाहिलं आणि घाबरून म्हणाले, "अरे रडू नको बेटा, एक मशीन गया ते गया, आपन भरी देऊत."

"मी रडत नही आबा, मिरची शे," मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिले आणि त्या गडबडीत मायने पुढचं टोक माझ्या हातावर ठेवलं. माझे डोळे मिटलेले होते. बोटांना चौकोन लागला. बाकीची सगळी टोकं लांबट होती, हे चौकोनी होतं. मी एक डोळा कसाबसा उघडला. दोन पिवळ्या तारा, दोन काळ्या.

मी जी किंचाळले त्याने आबांचा हात डोक्यावरून निघाला. ती वायर मी लावलीच नव्हती. शेवटी लावू म्हणून सोडली, ट्रक आला, मायने ती इतरांसोबत बांधून टाकली आणि मला सगळं नीटनेटकं दिसलं म्हणून मी झाकण लावून मोकळी झाले. प्रोसेसरला वीजच पोचत नव्हती. काहीही जळलेलं नव्हतं. मी हे मायला सांगितलं, पुन्हा सांगितलं. "तुन्ही चूक नही, मीच ती लावी नही, तू तर फक्त बांधी." ती माझ्याकडे संशयाने पाहत होती, मी तिची समजूत घालते आहे असं तिला वाटत असावं. मग मी पंख्यामागे बोटं घुसवली. नख मोडलं. टक्‌ झालं. या वेळी मायने तुटलं का म्हणून विचारलं नाही.

प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला आणि आतून एकच बारीक 'पिप्‌' असा आवाज आला. तो आवाज मी त्यानंतर हजारो वेळा ऐकला असेल. हल्ली तो येतही नाही, मशीनं मुक्यानेच चालू होतात. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटू लागली आणि माझा जीव भांड्यात पडला. मी पाटावरून उठले ती सरळ भिंतीला पाठ लावून खाली बसले. आबा अक्षरांवर बोट ठेवून काही वाचता येतं का पाहत होते. माय मात्र पडद्याकडे पाहतच नव्हती. ती स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहत होती.

रात्रीच्या जेवणापर्यंत ती चुलीपाशीच होती. मी आणि आबा तेवढ्यात उगीच इकडतिकडचं बोलत राहिलो, कारण खरी गोष्ट काढायला दोघेही भीत होतो. मशीन चालू झालं होतं, पण मधे ते बंदही पडलं होतं. बिघडलं तर धंदा बंद, असं ठरलं होतं, आणि मायचा शब्द म्हणजे शब्द. शेवटी आबांनीच ताटावरून मान न उचलता विचारलं, "मंग? सकाय पोरले धाडानी का नही?"

मायने तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत वाट पाहिली आणि उतरवून माझ्या ताटात टाकली.

"मन्हा भाऊले कोन्ही शिकाडेल नव्हतं," ती म्हणाली. "हाई शिकी ऱ्हायनी. जाऊ द्या तिले."